सात दिवसांच्या आत

दुकानदार : हाही परत? साहेब, हा तिसरा डबा.

नवरा : काय करू? इथे कसा भरदार आवाज येतो, पोटात घुमतो. घरी नेला की पत्रा वाजवल्यासारखं वाटतं. पावती आणलीय. सात दिवस झालेले नाहीत.

बायको : सहा झालेत. मी ह्याची बायको. म्हटलं, आज आपणही जावं आणि हे डबे जातात कुठे ते बघून यावं.

दुकानदार : या वहिनी, ते स्टूल घ्या. पेडलच्या वायरी जरा बाजूला करा.

बायको : हे असतं तरी काय, एकदा सांगा. ह्याला विचारलं की तासभर बोलतो आणि मला होतं तेवढंही कळेनासं होतं.

दुकानदार : साधं आहे. बास गिटारला मोठा अँप, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकर लागतो, कपाटाएवढा. घरात लावला तर खालच्या मजल्यावरची माणसं भांडायला येतील. हा डबा त्या अँपच्या आवाजाची नक्कल करतो. गिटार ह्यात लावायची, हेडफोन कानाला. घरच्यांना त्रास नाही.

बायको : घरच्यांना पत्ताच नाही. मला नुसती तारांवरची टकटक ऐकू येते आणि मधूनमधून ह्याचा उसासा.

नवरा : मी रीतसर तक्ता केलाय. परवडणारी अकरा मशीन, प्रत्येकाला दहापैकी मार्क.

बायको : चष्म्याचं दुकान आहे ना ह्याचं. दिवसभर लोकांना विचारत असतो, ही काच बरी की ही? तिथे माणूस दहा मिनिटांत मोकळा होतो. इथे आठ महिने झाले.

नवरा : घाईत घ्यायची वस्तू नाही ही.

बायको : रविवारी ह्याच्या जुन्या बँडची तालीम आहे हो. तेवीस वर्षांनी सगळे जमतायत. ड्रमवाला मित्र रोज फोन करतो, येतोस की दुसरा बघू? आज सहापर्यंत सांगायचंय. आणि हा म्हणतो, आधी मशीन ठरू दे.

नवरा : साधन धड नसताना हो कसं म्हणू? तुम्ही तो खालच्या फळीवरचा दाखवा. नेहमीसारखा.

(दुकानदार भिंतीवरची बास गळ्यात अडकवतो आणि वाजवतो.)

नवरा : बघ. हा आवाज. असा पाहिजे. ह्याला साडेआठ.

बायको : छान वाजवता हो तुम्ही.

दुकानदार : हॉटेलात वाजवायचो. वीस वर्षं.

बायको : दर वेळी तुम्हीच वाजवून दाखवता?

दुकानदार : साहेबच म्हणतात. तुम्ही वाजवा, मी लांबून ऐकतो, म्हणजे नीट अंदाज येतो.

बायको : आणि घरी कोण वाजवतं?

नवरा : झालं.

बायको : तुम्ही तीन डबे परत घेतलेत, पण बोलला नाहीत.

दुकानदार : वहिनी, मला दुकान चालवायचंय. गिऱ्हाइकाला असं कुठल्या तोंडानं सांगू?

नवरा : मला माहीत होतं गं. पहिल्याच डब्याला कळलं. बोटंच चालत नाहीत माझी. हे करंगळीशेजारचं तर तार दाबतच नाही, नुसती घरघर होते. बँडवाल्यांच्या डोक्यात मी अजून तेवीस वर्षांपूर्वीचा आहे. भीती वाटते मला.

बायको : मग माझ्यासमोर वाजवायचंस की. मला काय कळतंय त्यातलं?

नवरा : कॉलेजात आमच्या कार्यक्रमाला तू पहिल्या रांगेत बसायचीस.

बायको : मैत्रीण जागा धरून ठेवायची म्हणून. घे ती गळ्यात.

नवरा : इथे?

दुकानदार : थांबा, डब्याला स्पीकर जोडतो. दार लोटून घेऊ? तसंही ह्या वेळेला कुणी येत नाही.

नवरा : हसायचं नाही.

बायको : वाजव रे बाबा.

नवरा : ...झालं. एवढंच आठवतंय.

बायको : मला दोनदा अडखळल्यासारखं वाटलं.

नवरा : पाचदा.

दुकानदार : सातदा. पण ताल एकदाही सोडला नाहीत साहेब. बोटं महिन्याभरात वळतील. ताल शिकवता येत नाही.

बायको : हे आत्ता कशातून वाजवलं त्यानं?

दुकानदार : तुम्ही परत आणलेल्याच डब्यातून.

बायको : तक्त्यात किती मार्क होते त्याला?

नवरा : चार.

बायको : हाच घरी जाईल. आणि पावती माझ्याकडे दे. पावणेसहा झालेत, लाव फोन.

नवरा : हॅलो... हो, मीच बोलतोय. येतो रविवारी... अरे नक्की म्हणजे नक्की. फक्त माझा आवाज अजून नीट येत नाहीये, आधीच सांगून ठेवतो... नाही रे. मशीन चांगलं आहे.