प्रभुलिंगाची सागवानी जमीन

...आणि वर मलाच विचारतोय, "माझं चुकलं कुठं?" आता काय सांगायचं ह्या माणसाला? तुमास्नी सांगतो, लाकडी जमीन घासायचं मशीन भाड्यानं मिळतंय, पॉलिश डब्यात मिळतंय, ब्रश कुठल्याबी रंगाच्या दुकानात मिळतोय... पर 'न्हाय' म्हणायची जीभ अख्ख्या कोल्हापुरात कुणी विकत न्हाय. आणि ती नसली की बाकीचं सगळं असून काय उपेग?

प्रभुलिंग म्हंजे आमचा शेजारी, भिंतीला भिंत. मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान हाय, माणूस सरळ, कुणाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय. खाली ऱ्हायचं, वर एक मोठी खोली, आणि त्या खोलीची जमीन सागवानी फळ्यांची. मुरगूडकडं नाटकाचं एक थेटर मोडलं तवा त्याच्या वडलांनी, गुरुपादआण्णांनी, तिथल्या स्टेजच्या फळ्या आणल्या आणि स्वतः उभं ऱ्हाऊन बसवून घेतल्या. आण्णा गेले, पर हा अजून त्या फळीवर पाय टाकायच्या आधी चप्पल काढतोय. जीव हाय त्याचा त्या जमिनीवर. पर जमिनीला ते कुठं ठावं? एवढ्या वर्सांत पाय घासून घासून ती नुसती कुसळं सोडालती.

त्याची बायको विद्याश्री. गडहिंग्लजकडची, शिकलेली, बोलायला कमी पर बोलली की मुद्द्याचं. तिनं ठरवलं, वरच्या खोलीत बायकांचा योगाचा क्लास काढायचा, दसऱ्याला नारळ फोडायचा. आधी गल्लीतल्या बायका बोलावून एकदा करून बघितलं. आमची अंबूबाई, वजनदार बाई, डोळं मिटून शवासनात पडली, आणि जी उठली ती थेट जिन्यात! कुसळ कुठं घुसलं ते इचारू नका, बाई आठवडाभर उभ्यानंच भाजी निवडालती. झालं, विद्याश्री म्हणली, टाईल्स घालूया.

प्रभुलिंग ताडकन उठला. आण्णांच्या फळ्या उचकटायच्या? म्हणला, मी स्वतः घासतो, स्वतः पॉलिश करतो, आरशागत करून देतो, मोबाईलवर बघितलंय, लई सोपं हाय. तिनं एवढंच सांगितलं, दसऱ्यापतोर झालं तर फळ्या ऱ्हातील, न्हाय झालं तर टाईल्स. ह्यानं मान हलवली. हलवणारच, ह्याची मान उभीच हलतीय, आडवी हलताना मी तरी कधी बघितली न्हाय.

आलं मशीन. खाली पॉलिश पेपर फिरतोय, वर दांडा धरून ढकलायचं. त्याचा नियम एकच, ढकलत ऱ्हायचं, एका जागी थांबायचं न्हाय, थांबलं की ते लाकूड खातंय. भाड्यानं देणाऱ्यानं बजावून सांगितलेलं, ह्यानं पाठ केलेलं. पर त्याचा आवाज! गल्लीच्या तोंडापतोर! आणि आमच्याकडं आवाज आला की माणूस बघायला येणारच की. पयला आला आकाराम, दूध घालून परत निघालेला. जिन्यात मुंडकं घालून म्हणतोय, काय चाललंय गा? हा वळला मागं, "या की, वर या!" आणि आमचं बोलणं काय 'या' म्हणून संपतंय? घरात बरं हाय का, म्हस व्याली का, पोराचं जमलं का, चहा टाकू का... आणि हातात मशीन चालूच! एका जागी! घर्रर्र... आकाराम गेल्यावर खाली बघतोय तर जेवायच्या ताटाएवढा खड्डा.

बरं, एकदा झालं. शहाणा माणूस काय करील? मी सांगितलं, कडी घाल आणि काम कर. तर मला म्हणतोय, "दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं?" म्हणलं, न्हाय म्हणू नको, निदान मशीन तरी बंद कर. तर म्हणतोय, मशीन बंद केलं की पावण्याला वाटंल आपल्यामुळं काम थांबलं, बरं दिसत न्हाय ते. ह्याला काय औषध हाय? गल्लीतला जोतीराम आला, खड्डा. भिशीच्या बायका आल्या, एवढा मोठा खड्डा. गॅसवाला आला, त्याचं तर ह्या घरात सिलेंडरबी नव्हतं, चुकून आलता, त्यालाबी वर बोलावून दाखवलं, खड्डा. जितकं पावणं तितकं खड्डं. खाली विद्याश्रीच्या भाकरीत भुसा, चहात भुसा, देवाच्या डोस्क्यावर भुसा... आणि ती बाई एक शब्द बोलत न्हाय. बोलणाऱ्या बाईला माणूस भीत न्हाय हो, गप बसणारीला भितोय.

मग आलं पॉलिश. आता आकारामचं म्हणणं, लाकडाला जवसाचं तेल पाजायला पायजे. नुसतं म्हणून थांबला न्हाय, घरनं डबा घेऊन आला. जोतीरामचं म्हणणं, तेलाचा थेंबबी लावू नका, नुसतं पॉलिश मारा. त्यानं पॉलिशचा डबा आणला. दोघंबी एवढ्या मायेनं आणल्यात, एकाचं घ्यायचं आणि दुसऱ्याचं परत धाडायचं? दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं? ह्यानं काय केलं असंल? सकाळी तेल पाजलं, संध्याकाळी त्याच्यावर पॉलिश मारलं! दोघांचाबी मान राखला. तेल पॉलिशला धरू देईना, पॉलिश तेलाला वाळू देईना. पंखा लावला, खिडक्या उघडल्या, शेवटी नवस बोलायचाच बाकी ऱ्हायला. बोट लावलं की बोट चिकटालतं.

आणि दसरा उजाडला.

आता आमच्या गल्लीची एक रीत हाय. दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर आपट्याचं पयलं पान गुरुपादआण्णांच्या फोटोला. आण्णांनी गल्लीतली सगळ्यांची भांडणं मिटवली, सगळ्यांच्या अडीनडीला उभं ऱ्हायले, म्हणून. आणि फोटो कुठं? वरच्या खोलीत, पार पलीकडच्या भिंतीवर. फोटो आदल्या दिवशी खाली आणून ठेवायचा, हे ह्याला सुचलं न्हाय, मला सुचलं न्हाय. विद्याश्रीला सुचलं असणार, पर ती गप.

मी जिन्याला दोरी बांधली. स्वतः पायरीवर बसलो. आणि ह्याला पढवलं, फक्त एवढंच म्हणायचं, सोनं खालीच ठेवा. आली की गल्ली! आकाराम पुढं, मागं अंबूबाई, मागं पोरंटोरं, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा... आणि प्रभुलिंगानं तोंड उघडलं. तुमास्नी शप्पत सांगतो, मला वाटलं आज म्हणतोय. तर हा स्वतःच्या हातानं दोरी सोडतोय, "या की, वर या, आण्णा वाट बघाल्यात!"

पुढचं काय सांगू? चपॅक चपॅक चपॅक... माणसं फोटोपतोर गेली आणि परत आली. जाताना मोजे घालून गेली, येताना मोज्याबिगर आली. आकारामचा एक पायमोजा अजून तिथंच उभा हाय. हातातनं निसटलेली आपट्याची पानं अशी चिकटली, अशी चिकटली की जमीन कुठली आणि सोनं कुठलं कळंना. मधोमध अंबूबाईचं पाऊल, कुणाला विचारायलाबी नको कुणाचं ते.

नारळ विद्याश्रीनं खाली उंबऱ्यावर फोडला. आणि मग ती बोलली. "सोमवारी टाईल्सवाला येतोय. दारात तुम्ही उभं ऱ्हायचं. तुम्ही त्याला नको म्हणालात तर फळ्या ऱ्हातील, खड्ड्यासकट ऱ्हातील, आणि मी त्याच्यावरच क्लास घेईन."

बघा बाईचं मन! एक शब्द मागितला हो नवऱ्याकडं, एकच. प्रभुलिंग माझ्याकडं आला, डोळ्यांत पाणी. म्हणला, आण्णांनी बसवलेलं हाय रं, माझ्या हातनं जायला नगं, मला शिकीव. मग काय, मी शिकवलं! मी टाईल्सवाला व्हायचो, दार वाजवायचो, हा उघडायचा... "या की!" परत जा, परत वाजव. "या की!" रविवारभर मी ह्याच्या दारात टाईल्सवाला होऊन उभा आणि दर खेपंला चहा पिऊन बाहेर. माझं पित्त खवळलं. शेवटी दिवेलागणीला, डोळं गच्च मिटून, दाराची चौकट धरून, म्हणला एकदा. "नको." आम्ही दोघं रडलो.

सोमवारी आला टाईल्सवाला. नेसरीकडचा माणूस, घामाघूम झालेला, हातात टेप. ह्यानं डोळं मिटलं, चौकट धरली, तोंड उघडलं... "न... या की पावणं, उन्हाचं आलाय, पाणी घ्या आधी."

गेलं! मला वाटलं, गेलं सगळं. पर ऐका तर. तो वर गेला, जमीन बघितली, मोजा बघितला. म्हणला, "दिवाळीपतोर मला मरायला सवड न्हाय. तुम्हास्नी नको असलं तर मोकळ्या मनानं सांगा. मी आत्ता निघतो, मला काय राग न्हाय." आता ह्याच्यापेक्षा देवानं काय करायचं माणसासाठी? घास तोंडात घातला की! नुसतं गिळायचं! जिन्यात विद्याश्री चहा घेऊन उभी, तीसुदिक ह्याच्याकडं बघून हळूच मान हलवालती, म्हणा म्हणा म्हणून.

प्रभुलिंगानं फोटोकडं बघितलं. फळ्यांकडं बघितलं. त्या घामाघूम माणसाकडं बघितलं. आणि म्हणला, "असं कसं? एवढ्या लांबनं आलाय, आमच्या दारातनं रिकाम्या हातानं जाणार व्हय? माप घेऊनच जावा."

बसल्या टाईल्स. पांढऱ्या, गुळगुळीत. क्लास जोरात चाललाय, अंबूबाई शवासनात घोरतीय. आणि उचकटलेल्या फळ्या? त्या टाकवंनात ह्याला. एक दिवस खांद्यावर फळी घेऊन माझ्या दारात उभा. तुझ्या पुढच्या सोप्यात ठिवू का म्हणला, थोडं दिवस. आता माझा सोपा केवढा, फळ्या केवढ्या, चिकटपणा अजून तसाच... बायको आतनं खुणावतीय, नको म्हणा, नको म्हणा. म्हणणारच होतो हो. तोंड उघडलेलंबी.

आता रोज कुणाच्या न् कुणाच्या पायात कुसळ जातंय आणि बायको माझ्याशी बोलायची बंद झालीय. पर तुम्हीच सांगा... दारात आलता की तो.