चालवणाऱ्याचं वजन

आचोळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात अक्षया स्कूटरच्या आरशासाठी थांबली होती. शेजारी भुईगावचे बापलेक. वाळूत पळवायच्या जुन्या मोटरसायकलचे मागचे गळके शॉकअप त्यांनी काउंटरवर ठेवले होते.

“चालवणाऱ्याचं वजन किती?” दुकानदाराने विचारलं. “त्यावर स्प्रिंग ठरते.”

“पंचावन्न,” मुलगा म्हणाला.

“ऐंशी,” बाप म्हणाला.

“बाबा, तुमचं ऐंशी कधी झालं?”

“तुझं सांगतोय.”

“गाडी तुमची आहे. तुमच्यासाठीच करून घेतोय ना.”

“आणि मी तुझ्यासाठी करून घेतोय.”

“काका, एक काय ते ठरवा,” दुकानदार म्हणाला. “मऊ स्प्रिंग याच्या वजनाने खाली बसेल, कडक तुमची हाडं खिळखिळी करेल.”

“कडकच द्या. माझा गुडघा किक मारू देत नाही आता.”

“किक मी मारेन.”

“आणि रुतली की?”

अक्षयाचा आरसा आला होता. तरी ती थांबली.

“दोघं बसलो तर किती धरायचं?” मुलाने दुकानदाराला विचारलं.

“दोघांचं मिळून. मागे कोण?”

“पंचावन्न.” मुलाने बापाकडे बोट दाखवलं.

बापाने स्प्रिंग दाबून बघितली.

“मग मागचे फूटरेस्टपण घे. गाडी घेतली तेव्हाच मी ते काढून टाकले होते.”