खूण मध्यावर नसलेली दुर्बीण

भुजंगराव : नाही म्हणजे नाही, टीचर. ही दुर्बीण बाद. दामोदररावांनी परवा हिच्यातून नेम धरला आणि कागदाची पार चाळणी केली. आपल्या क्लबात त्यांच्याइतका स्थिर हात कुणाचा आहे सांगा.

अन्नपूर्णा : हात स्थिर आहे ओ, कोण नाही म्हणतंय? पण दामोदररावांनी रायफलीवरच्या दुर्बिणीला जन्मात पहिल्यांदा डोळा लावला. तेवढ्यावर दुर्बीण मोडीत काढायची?

भुजंगराव : पहिल्यांदा काय, शंभराव्यांदा लावला असता तरी तेच. ही कुठली म्हणे, व्हिएन्नाची. कारखान्याचं नाव उच्चारताना जीभ लचकते. कुणी ऐकलंय ते नाव? इंग्लिश असती तर गोष्ट वेगळी.

अनुसूया : अय्यो, इंग्लिश कधीच गेले की ओ! राज्याचं नावसुद्धा मैसूर राहिलं नाही, कर्नाटक झालं, आणि तुम्ही अजून त्यांच्या दुर्बिणीची वाट बघत बसलाय.

भुजंगराव : या बाई कोण?

अन्नपूर्णा : माझी थोरली बहीण, अनुसूया. बेट्टदपुरला असते. रेंज कशी असते बघायची म्हणाली, म्हणून आणली.

अनुसूया : सुम्ने, गप्प बसते मी. माझ्याकडं लक्ष देऊ नका.

अन्नपूर्णा : ती सुम्ने बसत नाही, भुजंगराव. तुम्ही लक्ष देऊ नका एवढंच खरं.

भुजंगराव : हे बघा, आज दुपारी मला बंगळूरच्या स्पर्धेसाठी संघाची चार नावं कळवायची आहेत. तीन ठरली. चौथं तुमचं होतं, पण अशा दुर्बिणीवर तुम्हाला पाठवून मी क्लबाचं हसं करून घेणार नाही. सेक्रेटरी म्हणून माझ्यावर जबाबदारी आहे. त्यापेक्षा एखाद्या तरुणाला जाऊ दे.

अन्नपूर्णा : जाऊ दे की. मला नेम येत नाही म्हणून त्याला पाठवा, मी टाळ्या वाजवते. पण दुर्बीण वाईट म्हणून मला काढू नका. पन्नाशी आली माझी. दुर्बिणीशिवाय नेम धरला की रायफलीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाची खूण, दिसते तर पलीकडचं निशाण धूसर, निशाण दिसतं तर माशी गायब. दुर्बिणीत दोन्ही एकदम दिसतं. दुसरी आणू कुठून? परदेशातून मागवायला परवाना मिळत नाही. ही हुणसूरच्या एका तंबाखूवाल्या साहेबाच्या सामानातून हाती लागली, ते नशीब. ही गेली की माझी नेमबाजी संपली, भुजंगराव. मग मी रविवारी काय करायचं? लोणची घालायची?

अनुसूया : लोणचंही धड घालता येत नाही हिला.

भुजंगराव : मला वाईट वाटत नाही असं नाही. पण दोष उघड आहे. चांगल्या दुर्बिणीत बारीक फुली असते, बरोबर मध्यावर. हिच्यात फुलीच नाही. खालून वर आलेला एक टोकदार खिळा, तोही मध्यापर्यंत पोचत नाही, असं दामोदरराव म्हणाले. म्हणजे आतलं सगळं खिळखिळं झालंय.

अन्नपूर्णा : खिळखिळं नाही ओ. जुन्या दुर्बिणी अशाच. वरची चकती फिरवली की तो खिळाच वरखाली सरकतो. ही पूर्वी मोठ्या रायफलीवर होती. आपल्या छोट्या रायफलीला जुळवून घेताना खिळा खाली उतरला, तिथंच राहिला. काचा तर बघा! बुरशी नाही, ओरखडा नाही. त्या बांधापलीकडच्या बाभळीचे काटे दिसतात. एकदा डोळा लावून तर बघा.

भुजंगराव : मी नाही बघणार. मला बघून काय करायचंय? कागदावर काय पडतं ते बोला.

अन्नपूर्णा : बोलते. काय पडायला पाहिजे ते सांगा.

भुजंगराव : सांगू? पाच गोळ्या. पाचही भोकं चार आण्याच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. झाकली तर चौथं नाव तुमचं. एक जरी बाहेर डोकावलं, तरी परत या दुर्बिणीचा विषय काढायचा नाही.

अनुसूया : चार आणे? रुपयाचं नाणं घ्या की ओ, इतका काय कंजूषपणा?

अन्नपूर्णा : गप, अक्का. कबूल, भुजंगराव. आधी सरावाच्या मारून घेते.

भुजंगराव : मारा, हव्या तेवढ्या. मैदान मोकळं आहे.

अन्नपूर्णा : ही पहिली… वर गेली. ही दुसरी… अय्यो, ही तर निशाणाबाहेर, पांढऱ्या कागदावर. आणि ही? ही कुठं गेली देव जाणे.

भुजंगराव : बघा. मी सांगतोय ते ऐकायचं नाही, आणि वर काडतुसं वाया.

अनुसूया : अन्नू, तू मान कशाला उचलतेस गं?

अन्नपूर्णा : कुठं उचलते?

अनुसूया : दर वेळी. गाल नीट टेकवतेस, मग हळूच मान वर काढतेस, कोंबडी डोकावते तशी.

अन्नपूर्णा : खिळ्याचं टोक मध्यावर आणत असेन. खाली राहिलेलं दिसलं की डोळ्याला चैन पडत नाही.

अनुसूया : अप्पा असते तर पाठीत एक बसला असता. ठसे मारताना काय ओरडायचे तुझ्यावर?

अन्नपूर्णा : "फुलाकडं बघू नको, खिळीकडं बघ."

भुजंगराव : कसली खीळ? काय बोलताय तुम्ही दोघी?

अनुसूया : आमचं रंगाऱ्याचं घर ओ. कापडावर ठसे मारायचे. ठशाच्या कोपऱ्याला पितळेची बारीक खीळ असते, तिचा ठिपका कापडावर उमटतो. पुढचा ठसा मारताना खीळ त्या ठिपक्यावर टेकवायची, बस्स. फूल आपोआप जागेवर पडतं. पण या बाईसाहेब मान लांब करून फूल मधोमध आलं का ते बघणार, आणि अख्खी ओळ तिरकी! किती लुगडी वाया घालवलीस गं?

अन्नपूर्णा : थांब, थांब. मान उचलली की दुर्बिणीत दिसणाऱ्या गोलाच्या कडेला काळी चंद्रकोर येते. म्हणजे डोळा दुर्बिणीच्या वाटेवरून सरकला. आणि डोळा सरकला की टोक निशाणावरून सरकणारच. टोक खाली असेना का! गोल पूर्ण दिसला पाहिजे, आणि टोक निशाणाला टेकलं पाहिजे. बाकी मध्य गेला खड्ड्यात. दामोदररावांनीही हेच केलं असणार. भुजंगराव, दुर्बीण बरोबर आहे! माना चुकतायत आमच्या!

भुजंगराव : तोंडानं पुष्कळ बरोबर असतं. कागदावर दाखवा.

अन्नपूर्णा : लावा नवा कागद.

भुजंगराव : लावतो. मग वळवळ नको, घाई नको. आणि ताई, तुम्ही आता खरंच सुम्ने बसा.

अनुसूया : बसले. श्वाससुद्धा घेत नाही.

(सतरंजीवर पालथी झोपून अन्नपूर्णा पाच गोळ्या मारते. रायफल रिकामी करून ती तिथंच उठून बसते, आणि भुजंगराव गोळीबार थांबल्याचा लाल बावटा लावून कागद आणायला जातात.)

अनुसूया : कसं वाटलं?

अन्नपूर्णा : एकदाही मान उचलली नाही. फार जड गेलं गं. ते टोक खाली बसलेलं बघून जीव नुसता वरखाली होत होता.

अनुसूया : पाणी पी जरा.

अन्नपूर्णा : पाणी नंतर. ते वाकून काय बघतायत तिकडं? येत का नाहीत?

अनुसूया : येतायत. तोंडावरून काही कळत नाही मेलं. काय ओ? बोला की!

भुजंगराव : नाणं काढतोय. थांबा. हं, हे ठेवलं. टीचर, तुम्हीच बघा. बाहेर काही दिसतंय?

अन्नपूर्णा : नाही.

भुजंगराव : चारी बाजूंनी बघा.

अन्नपूर्णा : काही नाही. अक्का, एकही बाहेर नाही! पाचच्या पाच!

अनुसूया : हौदु, खरंच की! वाडा, गल्ली, सगळ्या मैसूरला सांगते मी! दामोदररावांना बोलवा, त्यांना दाखवा हा कागद! अगं, रडतेस काय?

अन्नपूर्णा : रडू दे. आज सगळं संपलं असं समजून घरातून निघाले होते मी.

अनुसूया : रड मग. जिंकून रडायला कोण अडवतंय?

भुजंगराव : तीन भोकं तर एकमेकांत मिसळली आहेत. क्लबात असा कागद मी कैक वर्षांत बघितला नाही, टीचर. बंगळूरला तार करतो, चौथं नाव अन्नपूर्णाबाई. आणि ही दुर्बीण उत्तम. मी म्हणतोय, उत्तम.

अन्नपूर्णा : नाव उच्चारता येत नसलं तरी?

भुजंगराव : शिकेन उच्चारायला. टीचर, त्या सतरंजीवरून जरा उठता का?

अन्नपूर्णा : का ओ?

भुजंगराव : मला एकदा झोपून बघायचंय. पाठ दुखते म्हणून मी नेमबाजी सोडली असं सगळ्यांना सांगत आलो. पाठ ठणठणीत आहे. मलाही माशी दिसेनाशी झाली होती.

अन्नपूर्णा : अहो, मग या की! असं झोपा. गाल इथं. मान उचलायची नाही. गोल पूर्ण होईतो डोळा मागेपुढे करा.

भुजंगराव : चंद्रकोर आहे… गेली. अरे!

अनुसूया : काय झालं?

भुजंगराव : निशाण दिसतंय. काळं, गोल, कडेसकट.

अन्नपूर्णा : मग भरा की गोळी. मारा!

भुजंगराव : थांबा. इतक्यात नको. बघू दे जरा.