बोटीची निगा

—नाही नाही, तू लिही ना. बोट सोसायटीची स्वतःची आहे का, हाच प्रश्न होता ना? आहे. नदीकाठी एवढ्या सोसायट्या, पण रबरी बोट फक्त आमच्याकडे. लिहिलंस? आता पुढे लिही, बोटीची निगा — उत्कृष्ट. अजून कंपनीच्या प्लास्टिकमधूनसुद्धा बाहेर आलेली नाही. हसू नकोस गं, चेष्टा नाही करत. दर दसऱ्याला ती क्लबहाऊसच्या खोलीतून पार्किंगमध्ये आणतात, झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात, आमचे अध्यक्ष दिगंबरराव तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात, आणि मग परत आत. दाराला कुलूप. वर पाटी — 'अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोटीस हात लावू नये.' किल्ली दिगंबररावांच्या खिशात. दुसरी? दुसरी कशाला हवी, अध्यक्ष एकच आहेत.

चहा घे, निवतोय. आणि स्पृहा ना गं तू? अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस — जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, समोर कोणी पेन घेऊन बसलं की तोंडातून अहो निघतच नाही. तर तुमच्या संस्थेचा तो 'आदर्श आपत्ती सज्जता पुरस्कार' — नाव काय भारदस्त ठेवलंय! — त्यासाठी दिगंबररावांचं नाव कोणी पाठवलं, तुला ठाऊकच आहे. मीच. सोसायटीत सगळ्यांना नवल वाटलं, मंदाकिनीबाईंनी? त्यांनी? — का वाटलं ते राहू दे. तू मघाशी म्हणालीस, अर्ज वाचून आमचे परीक्षक भारावले. भारावणारच. एक अक्षर खोटं नाही त्यात. पावसाळ्याआधी रंगीत तालीम — खरं. शिट्ट्या, दोर, बॅटऱ्या — खरं. दुसऱ्या सोसायट्यांत जाऊन व्याख्यानं — हे तर अगदीच खरं. गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि नदी आमच्या पार्किंगमध्ये शिरली, त्या सकाळीसुद्धा तो वारज्याला एका सोसायटीत व्याख्यानच देत होता. विषय — पूर येण्यापूर्वी.

काय? त्या दिवशी कोण अडकलं होतं? आम्ही. तळमजल्यावर आम्हीच दोघं, बाकी सगळी पार्किंग. आमचे हे, रंगनाथ, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले — तू बसली आहेस ना, तिथेच पलंग होता. अगं बस, उठतेस कशाला, सोफा नवीन आहे. पाणी आधी दारातून नाही आलं, मोरीतून आलं. मला वाटलं, तुंबलीय. मग दारातून आलं, मग गादीला लागलं. मी ह्यांच्या अंगावर शाल टाकली — दुसरं काय करणार होते? उचलले जात नव्हते माझ्याच्यानं. अग्निशमनची माणसं आधी पलीकडच्या वस्तीत गेलेली, ते बरोबरच होतं. मच्छिंद्र, आमचा वॉचमन, कमरेएवढ्या पाण्यातून खिडकीशी आला. म्हटलं, बोट काढ. म्हणाला, कुलूप आहे. म्हटलं, तोड. म्हणाला, आजी, साहेब कामावरून काढतील, फोन लावतोय पण उचलत नाहीत. उचलतील कसे? व्याख्यान चालू असताना फोन बंद ठेवावा, ही दिगंबररावांची शिस्त आहे. चांगली शिस्त आहे, लिही तीही. एकट्या मच्छिंद्रच्यानं ह्यांना उचलवेना, आणि वरच्या मजल्यांवरून कोणी उतरायला धजेना. हे एकसारखे माझ्याकडे बघत होते — बोलता येत नव्हतं ना त्यांना — ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, आणि मी ती ओली शाल पिळायची अन् परत अंगावर घालायची, पिळायची अन् घालायची. वेड्यासारखं. दोघं तरुण उतरले तेव्हा कुठे ह्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं. छाती भरली होती. आठवड्याभरात गेले.

आला होता ना, दिगंबर भेटायला आला होता. हात जोडले, डोळे पुसले — रडलाही जरा, खोटं कशाला बोलू. आणि उठता उठता म्हणाला, "मंदाकिनीताई, एक मात्र मानलं पाहिजे, एवढ्या गडबडीतसुद्धा मच्छिंद्रनं कुलूप तोडलं नाही. माणसाला शिस्त लागली." मी काय म्हणाले? म्हणाले, चहा घेणार का.

भांडून काय मिळालं असतं? सभेत बोलले असते तर म्हणाले असते, नवरा गेलाय, डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं. ते बिचारी मला नको होतं. म्हटलं, ह्याला मोठा करायचा. आपल्या हातानं स्टेजवर चढवायचा. समोर बायको, सून, व्याही, अख्खी सोसायटी, फोटोवाले — तुमच्याकडे शाल घालायला सोसायटीतलं ज्येष्ठ माणूस बोलावतात आणि दोन शब्द बोलू देतात, ही चौकशी मी अर्जाआधीच करून ठेवलीय. ज्येष्ठ मीच. शाल घरची आणीन, असंही कळवलंय. ही बघ. लाव ना हात. हो, तीच. कितीदा धुतली, उन्हात घातली, नदीचा वास जात नाही. ही त्याच्या खांद्यावर टाकायची, माइक हातात घ्यायचा आणि — हे काय? पेनला टोपण का घातलंस?

नाही. अगं नाही, असं नको करूस. नाव बाद कसं करतेस? मी मेली, कधी कोणाजवळ बोलत नाही, आज तू गप्प राहून ऐकत होतीस म्हणून वाहवत गेले. हे मी बोललेच नाही समज. निगा उत्कृष्ट, एवढंच लिही. रडू नकोस! मला तुझी कणव नको, मला तो स्टेजवर हवाय! बाद केलंस तर त्याला काय होणार आहे? राजकारण झालं म्हणेल, पुढच्या वर्षी स्वतःच अर्ज करेल, दसऱ्याला पुन्हा हार घालेल. आणि मी? मी वर्षभर कशाच्या जोरावर उठत होते रोज, सांग ना—

बेल वाजली. तोच असणार. संस्थेची माणसं यायचीत म्हणून सकाळपासून कडक इस्त्रीचा झब्बा घालून फेऱ्या मारतोय. बस तू. जाऊ दे तुमचं स्टेज. एक माणूस बघायला आहे, तेवढं पुरे.

या, या दिगंबरराव! आपलंच कौतुक चाललं होतं. ह्या स्पृहा, संस्थेकडून आल्यात. नाही, बसू नका आपण. म्हटलं, पहिला सत्कार घरच्या घरी करावा. जरा मान खाली घ्या, उंच आहात हो... हं. शोभतेय. वास येतोय? येणारच. ओळखली नाहीत? तुम्ही भेटायला आलात तेव्हा ह्याच गॅलरीत वाळत होती की. कोणाच्या अंगावरची, ते मी सांगू का आपण सांगताय? — अंहं. काढू नका. माझ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही तिला.

स्पृहा, तू ये आता. दार ओढून घे जाताना.