साडेनऊला तंदुरुस्त

...आणि वर मलाच विचारतात, दुपारची वेळ कशाला हवी? अहो, दुपारीच तर मी आजारी असतो, सकाळी कुठे असतो? पण हे त्या सरकारी वैद्यकीय मंडळाच्या खिडकीपलीकडच्या कारकुनाला सांगणार कसं, त्याने मान वर केली तर ना. तुम्हाला सांगतो, मी त्याला पायरीपायरीने समजावलं. म्हटलं, साहेब, माझ्या नसा आणि स्नायूंचं आपसात बोलणं बंद झालंय. नस सांगते 'उचल', स्नायू सकाळी ऐकतो, दुपारी म्हणतो 'बघू', आणि संध्याकाळी ओळखच दाखवत नाही. डाव्या डोळ्याची पापणी आपोआप शटरसारखी खाली येते, एकाचे दोन दिसतात, बोलणं नाकातून यायला लागतं. तेव्हा मला तपासायचंच असेल तर चारनंतर तपासा. तर म्हणतो कसा, "चारनंतर डॉक्टर थकलेले असतात."

डॉक्टर थकतात, म्हणून थकण्याच्या आजाराची तपासणी सकाळी साडेनऊला. मी चिठ्ठी घेतली आणि घरी आलो.

बरं, या तपासणीची हौस मला होती का? मुळीच नाही. ती हौस आमच्या मालकांना. मी औषधांच्या दुकानात कामाला आहे, म्हणजे होतो, ते येईलच पुढे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. घरचे म्हणतात पळून आला, मी म्हणतो जिना सोडला, कारण वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि माझे पाय दुसऱ्यावर संपायचे. तर हे दुकान. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि मी काय केलं होतं माहितीये? अख्खं दुकान माझ्या अंगाप्रमाणे लावून घेतलं होतं. सकाळी जे खपतं ते वर, कारण सकाळी माझे हात वर जातात. संध्याकाळी जे खपतं, खोकल्याच्या बाटल्या, पोरांच्या तापाची औषधं, ते सगळं कमरेच्या उंचीवर. दीड वर्ष कुणाला पत्ता लागला नाही. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, माझे खांदे खूश.

मग एका सुट्टीच्या दिवशी मालकांना शिस्तीचा झटका आला आणि त्यांनी एकट्याने बसून सगळं दुकान अक्षरांच्या क्रमाने लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी खोकल्याच्या बाटलीसाठी हात वर केला. खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. म्हणजे मी वर बघतोय, बाटली खाली बघतेय, गिऱ्हाईक दोघांकडे बघतंय. दुसऱ्या हाताने पहिला हात ढकलला, कशीबशी बाटली पकडली आणि ती फरशीवर गेली. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "काय रे, सकाळी तर चांगला होतास."

हे वाक्य. हे वाक्य माझ्या कपाळावर गोंदून ठेवा, म्हणजे लोकांचे श्रम वाचतील. मावशी संध्याकाळी घरी आली, मी भिंतीला टेकून बसलेला, "अगं, सकाळी बाजारात भेटला तेव्हा तर चांगला होता." शेजारचे काका, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, "सकाळी तर चांगला होता, मोबाईल कमी कर म्हणावं." अहो काका, मोबाईल धरायला मनगट लागतं.

आणि गोळीचं तर विचारूच नका. दर चार तासांनी एक. घेतली की अर्ध्या तासाने अंगात येते, तीन तास माणसासारखं वागवते आणि न सांगता निघून जाते. जेवण त्या मधल्या वेळातच उरकायचं, नाहीतर जबडा अर्ध्या घासावर संप करतो. मी डब्यातलं कडक असेल ते आधी खातो आणि मऊ असेल ते शेवटी. बरं, गोळी घ्यायला वेळ मिळायला हवा ना? दुकानात दहा हजार गोळ्यांच्या मधोमध उभा राहून माझी बाराची गोळी मी पावणेदोनला घ्यायचो, कारण समोर लोक उभे. 'आधी आमचं द्या, आमचा माणूस आजारी आहे.' मी मोबाईलमध्ये गजर लावला, तर मालक म्हणाले, "तो आवाज बंद कर, गिऱ्हाईक दचकतं."

पण माणूस वाईट नाही हो, म्हणजे स्वतःच सांगत होते तसं. बाटली फुटली त्या दिवशी म्हणाले, "हे बघ, मी काही राक्षस नाही. सरकारी मंडळाचा दाखला आण. तुला बिलाच्या खुर्चीवर बसवतो, दोन वाजता घरी सोडतो. पण शिक्का हवा. नुसतं तोंडी मी कुणाकुणाचं ऐकू?"

खुर्ची. दोन वाजता घरी. तुम्हाला सांगतो, लोक परदेशाची स्वप्नं बघतात, मी महिनाभर त्या खुर्चीची बघत होतो. उजवा पाय डुगडुगतो तिचा, तरी.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ पत्र लिहून दिलं, 'यास दिवसअखेरीस, श्रम झाल्यावर तपासावे.' मला बजावलं, "सकाळची गोळी तपासणी झाल्यावर घे. सोबत ठेव, त्रास वाटला तर लगेच घे. पण आहेस तसा त्यांना दिस." एवढी साधी गोष्ट. आहेस तसा दिस.

सकाळी आई पाणी आणि गोळी घेऊन समोर उभी. म्हटलं, आई, आज नको, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? तर म्हणाली, "चार परक्या लोकांसमोर तू असा एक डोळा मिटून बसणार? मला नाही बघवत." वर बर्फाचा रुमाल पापणीवर धरला, कारण थंडाव्याने पापणी उचलते हे तिला कुणी न शिकवता कळलंय. कोरा शर्ट. केसाला तेल. मुलगी बघायला निघाल्यासारखा थाट. आणि बाबा बूट घालून दारात तयार.

बाबांचं सांगायचं राहिलं. बाबा तीस वर्षं शाळेत कवायत शिकवत होते. शिट्टी वाजली की हात वर, शिट्टी वाजली की हात खाली, जगात याच्यापलीकडे काही आहे हे त्यांना मान्य नाही. माझ्या आजारावर त्यांचं निदान तीन शब्दांचं आहे, "मनाने घेतलंय त्याने." कॉलेज सुटल्यापासून माझ्याशी बोलायचं झालं तर आईमार्फत. 'त्याला म्हणावं पंखा बंद कर.' मी शेजारी बसलेलो असतो.

मी गोळी घेतली. आईमुळे, असं मी सगळ्यांना सांगतो.

आत गेलो. मंडळात त्या दिवशी कोण, तर हाडांचे डॉक्टर. माझी हाडं उत्तम आहेत हो, मी हाडांबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही. पत्र पुढे केलं, त्यांनी त्याची घडीसुद्धा न उलगडता त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, "दोन्ही हात समोर सरळ धर. सांगेपर्यंत सोडायचे नाहीत."

बाबा दाराजवळ उभे होते. छाती पुढे, टाचा जुळवून, जसे मैदानावर उभे राहायचे तसे.

आता बघा, मला काय करायचं होतं? काहीच नाही. हात पाडायचे होते. लोक पास होण्यासाठी रात्रंदिवस अभ्यास करतात, मला फक्त नापास व्हायचं होतं, आणि त्या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही. एक मिनिट झालं. खांदे भरून आले. दीड मिनिट. बोटं थरथरायला लागली. सोड की गाढवा, म्हटलं, खुर्ची तिकडे आहे, सोड. आणि मी बाबांकडे बघितलं. ते ओठांनी मोजत होते. आवाज न करता. एकशे चार, एकशे पाच. त्यांचे हातसुद्धा किंचित पुढे आले होते, जसं काही माझं ओझं तिथूनच धरणार.

नाही सोडले. दोन मिनिटं पुरी केली. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास." आणि बाबा मला, थेट मला, आई मध्ये नसताना म्हणाले, "चल."

कागदासाठी दीड वाजेपर्यंत बाकावर बसलो. बाबा बस बघायला पुढे गेले होते. तोवर सकाळची गोळी उतरली होती, दुपारची घरीच राहिलेली, पापणी खाली, मान एका हाताने हनुवटीला टेकू देऊन धरलेली. खिडकीशी गेलो. कारकुनाने शिक्का मारला, कागद सरकवला, आणि जन्मात पहिल्यांदा मान वर करून बघितलं. "अहो, काय झालं? सकाळी तर चांगले होता."

'तंदुरुस्त.' निळ्या शाईत.

मालकांनी तो दोनदा वाचला आणि पेढा मिळाल्यासारखे हसले. "बघ, मी म्हणत नव्हतो? आता तंदुरुस्त माणसाला खुर्ची कशाला? वरची फळीसुद्धा तूच बघ." मी अकरा दिवस बघितली. बाराव्या दिवशी दुपारी शिडीवरून उतरताना पाय कुठे आहेत ते कळेना, तेव्हा खालीच बसलो. मालकांनीच रिक्षा करून दिली. तेरावा दिवस आलाच नाही.

आणि बाबांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आणला. कपाटाच्या काचेमागे लावलाय, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी. बरोबरच आहे म्हणा, कॉलेज सुटल्यापासून मी पास झालेली तेवढी एकच परीक्षा.

डॉक्टरीणबाई माझ्यावर इतक्या चिडल्या की विचारू नका. त्यांनीच फेरतपासणीचा अर्ज करायला लावला. काल तारीख आली. वेळ? तुम्हीच सांगा. हो, साडेनऊ.

आईने हळूच विचारलं, "या वेळी गोळी देऊ, की नको?"

मी म्हटलं, बाबा येणार असतील तर दे.