हिरवे ठिपके

नाही, आधी त्या सुया पिशवीत ठेवा. रक्त द्यायचं की नाही ते मी ठरवीन. बसा — तिथे नको, ते शिलाई मशीन आहे — होतं म्हणा, आता त्यावर माझी औषधं असतात. मागच्या वेळी तुमच्या प्रयोगशाळेचे मोठे साहेब आले होते, फोटो घेऊन. काळ्यावर हिरवे ठिपके. म्हणाले, बाई, एका पेशीच्या दोन होताना प्रत्येक गुणसूत्रावर एक ठरलेली जागा असते, तिथे प्रथिनं जमतात, त्यांची जणू कडी तयार होते, तिला दोऱ्या लागतात आणि दोन्हीकडे ओढून सारखी वाटणी होते. मी म्हटलं, बरं. ती जागा एरवी दिसत नाही म्हणे, माझ्या रक्तातलं काहीतरी नेमकं तिथल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून दिसते. फार कौतुक केलं हो माझं. पण का चिकटतं? — ते मलाच विचारावं लागलं. तेव्हा घसा खाकरून म्हणाले, तुमचं शरीर त्यांना शत्रू समजतं. म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं, आणि तुम्ही त्याचे फोटो काढत बसलात.

हे हात बघा. काज करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आता सुई धरवत नाही, कातडी अशी ताठ. यावर औषध? — नाही म्हणता. रक्त मात्र हवं. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

आणि ती पाणी ठेवून गेली तेव्हा काय बघत होतात? चेहरा नाही, बोटं बघत होतात. मुलगी आहे माझी. गार पाण्यात हात घातले म्हणून पांढरी पडली, पडतात, सगळ्यांची पडतात — नाही पडत. मला कळतं. माझंही असंच सुरू झालं होतं. गेल्या हिवाळ्यापासून बघतेय मी, भांड्यांना हात लावू देत नाही तिला, मीच घासते, या असल्या हातांनी. तिला वाटतं, आई लाड करते.

हळू बोला. भिंत पातळ आहे.

तपासणी, तपासणी — आणि निघालं तर? औषध तर नाही म्हणालात. काढा ती सुई. माझं हवं तेवढं घ्या, पण तिच्याकडे मागाल तर या घराची पायरी — काही नाही गं. निघालेच आहेत हे. तू आत जा, ती भांडी राहू दे.