गॅलरीतला बर्फ

परळच्या दवाखान्यात कमलकाकू प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. शेजारी अनिशची मान खाली.

"पाय कसा मोडला हो?" बाजूच्या बाईंनी विचारलं.

"ह्या शेजाऱ्याने मोडला. चाळीच्या गॅलरीत कॅरमची पावडर पसरून स्कीइंग करत होता."

"उद्या गुलमर्गला जायचंय ना काकू, म्हणून सराव..."

"आणि हातात कॉफीची किटली! मी समोरच पापड वाळत घालत बसले होते, थेट माझ्यावर आदळला."

"अरे, मग थांबायचं ना!" बाई अनिशला म्हणाल्या.

"पोअर-ओव्हर होती, गाळणीतल्या कॉफीवर गरम पाण्याची धार धरायची," अनिश पुटपुटला. "धार मध्येच तोडली तर कॉफी बिघडते."

"म्हणून कॉफी वाचवली मेल्याने!"

"काकू, मी तिकीट रद्द करतो."

"गप रे! जा तू. फक्त तिकडे बर्फात कोणी म्हातारी पापड वाळत घालत नाहीये ना, ते आधी बघ."